नाव सांगणाऱ्याला अकरा हजार

१

सोमवारी सकाळी चंद्रकलानं ग्रामपंचायतीचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर तंट्यांची वही नव्हती.

तिनं जुने ठराव हलवून पाहिले, मतदार यादी उचलून पाहिली, कपाटाच्या मागंसुद्धा डोकावली. वही काही सुई नव्हती हरवायला. चांगली पाटाएवढी, लाल कापडी बांधणीची, एकसष्ट तंटे आणि एकसष्ट फोटो डकवून फुगलेली. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, तिनं आत्ताच स्वतःच्या किल्लीनं उघडलं होतं. म्हणजे ज्यानं वही नेली त्यानं किल्लीनं कपाट उघडलं होतं आणि जाताना सभ्य माणसासारखं पुन्हा लावून घेतलं होतं.

चंद्रकला कंधारे ही धामणवेढ्याची पोलीस पाटील. गावात काही वेडंवाकडं झालं की पौडच्या ठाण्यात कळवायचं आणि कुणाला सरकारी नोकरी लागायची झाली की त्याच्या चालचलणुकीबद्दल खरं ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. तीन वर्षांपूर्वी ती पाटील झाली तेव्हा "बाईमानूस काय चोर धरनार" म्हणून पारावर हसणारे होतेच. आजवर गावात चोरी झाली नव्हती, त्यामुळं त्यांचं खरं की खोटं ते ठरायचं राहिलं होतं.

ते २००९ सालचे मे महिन्याचे दिवस होते. गावातले तंटे गावातच मिटवा, वहीत लिहा, आणि गाव तंटामुक्त ठरलं की सरकारकडून लाखांचं बक्षीस घ्या, अशी मोहीम गावोगाव चालू होती. धामणवेढ्याची तपासणी बुधवारी होती. मागल्या वर्षी गाव नापास झालं होतं, कारण वर्षभरात भांडणंच झाली चार. तंटा समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब तेव्हा भर सभेत कळवळून म्हणाले होते, "आरं, भांडला न्हाईत तर मिटवू काय?"

मग यंदा अण्णांनी युक्ती काढली. जे दोघं तंटा घेऊन येतील आणि मिटवतील, त्यांना प्रत्येकी एक झाकणाचा स्टीलचा डबा. झालं. ज्यांनी जन्मात एकमेकांना अरे म्हटलं नव्हतं ते डब्यासाठी हमरीतुमरीवर आले. कोंबडीवरून, नळावरून, बांधावरून. अण्णांच्या भैरू गड्यानं तर स्वतःच्या बायकोशीच तंटा नोंदवला आणि एका घरात दोन डबे नेले. मिटवल्याचा पुरावा म्हणून दोघांनी एका नारळाला हात लावून फोटो काढायचा. नारळ सगळ्यांना एकच होता. वर्षभर तो बिचारा कपाटात पडून होता आणि फोटोपुरता बाहेर यायचा.

हे सगळे तंटे चंद्रकलानं स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते. गावाचं भलं होतंय, कुणाचं वाईट होत नाही, असं ती मनाला सांगायची.

पण शुक्रवारी प्रदीप येऊन गेला होता. बौद्धवस्तीतल्या उषाबाईंचा हा मुलगा, पोलीस भरतीत धावून, लेखी देऊन निवडला गेलेला. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. तो दारात उभा राहून म्हणाला होता, "ताई, वहीतलं माझं पान काढा. सदतीस नंबरचं."

सदतीस नंबरला लिहिलं होतं, की प्रदीपनं बहिरू या शेतकऱ्याची पाण्याची मोटार चोरली, गुन्हा कबूल केला आणि माफी मागितली. खाली प्रदीपची सही, त्यालाही एक डबा मिळाला होता. बहिरूच्या शेतात ना विहीर होती ना मोटार, पण कागद हे कुठून बघणार?

"बुधवार होऊ दे, मग बघू," चंद्रकलानं त्याला वाटेला लावलं होतं. जाताना तो तिच्याकडं नुसता बघून गेला.

आता त्या रिकाम्या फळीकडं बघताना तिला त्याची तीच नजर आठवली.

२

अण्णासाहेब आले, त्यांनी कपाट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कपाटाच्या दारावर ठळक अक्षरात रंगवलं होतं, 'अण्णासाहेबांकडून सप्रेम भेट'. त्याच अक्षरांना टेकून ते घटकाभर बसले, मग उठले आणि तडक देवळात जाऊन त्यांनी भोंगा चालू केला.

"गावकऱ्यांनो, आपली तंट्याची वही चोरीला गेलीया. गावाच्या तोंडचा घास काढलाय कुणीतरी. जो कोण चोराचं नाव सांगंल त्याला माझ्या पदरचं पाच हजार बक्षीस!"

दुपारपर्यंत चंद्रकलाच्या ओसरीवर जत्रा भरली. सासूनं जावेचं नाव सांगितलं. एकानं शेजाऱ्याचं सांगितलं आणि तासाभरानं शेजाऱ्यानं येऊन त्याचं. बहिरूनं तीन नावं सांगितली आणि विचारलं, "तीनातलं एक निघालं तर पुरं पैसं मिळत्याल ना?" संध्याकाळपर्यंत नऊ चोर झाले होते. वर्षभर डब्यासाठी लुटुपुटीची भांडणं करणारं गाव आता खरोखरीचं एकमेकांकडं तिरकं बघायला लागलं. बायका पाण्याला जाताना घराला कुलूप घालू लागल्या.

वही गेली असणार ती रविवारी दुपारी, एवढं चंद्रकलाला कळत होतं. सकाळी दहाला तिनं स्वतः वही आत ठेवली होती. नंतर गावात लग्न होतं आणि सगळा गाव मांडवात. तीसुद्धा तिथंच होती. वाढपी ओरडत होते, नवरीला माहेरानं दिलेलं गुलाबी रंगाचं नवंकोरं कपाट मांडवाच्या कडेला उभं होतं, त्याच्या मुठीला दोन किल्ल्या दोऱ्यानं बांधलेल्या, आणि पोरं त्या किल्ल्या वाजवत होती. अशा गोंधळात कोण पंगतीतून उठलं आणि कोण नाही, हे देवसुद्धा सांगू शकला नसता. ग्रामपंचायतीच्या दाराला नुसती कडी, त्यामुळं आत जायला कुणालाच अडचण नव्हती. अडचण होती ती कपाटाची.

दिवस मावळायला आला तेव्हा अण्णांनी पुन्हा भोंगा लावला. बक्षीस अकरा हजार झालं.

मग नऊ चोर मागं पडले आणि एकच पुढं आला. तासाभरात तिघं जण येऊन तेच सांगून गेले. रविवारी दुपारी प्रदीपला ग्रामपंचायतीत शिरताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बहिरू त्यातला एक होता.

"काय घातलं होतं त्यानं?" चंद्रकलानं तिघांनाही वेगवेगळं विचारलं.

"निळा चौकड्याचा शर्ट," तिघांनीही सांगितलं.

तिच्या हातातलं पेन थांबलं. पायात चपला सरकवून ती थेट बौद्धवस्तीकडं निघाली.

३

प्रदीप अंगणात बुटांची लेस बांधत होता. उषाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"रविवारी दुपारी कुटं व्हतास?" चंद्रकलानं विचारलं.

"धावायला गेलो होतो. ताम्हिणीच्या रस्त्यानं."

"आनि मग?"

उषाबाईंचे तांदळातले हात थांबले.

"प्रदीप, तिघांनी तुला बघितलंय. अण्णा उद्या पौडला तक्रार देणार हायेत. तुझं नाव एकदा ठाण्यात गेलं की संपलं, माहितंय ना?"

"गेलो व्हतो मी," तो एकदम म्हणाला. "धावून आलो तसाच गेलो पंचायतीत. ते पान फाडायचंच ठरवलं व्हतं. पण कपाटाला कुलूप व्हतं, ताई. मूठ ओढून बघितली आन् परत आलो. वही मी बघितलीसुदीक न्हाई."

चंद्रकला खाली बसली. ऐकायला आली होती 'मी गेलोच नव्हतो', आणि ऐकावं लागलं हे. आता तिघांची साक्ष खरी, पोराचा हेतू खरा, आणि वही गायब. याहून सोपं प्रकरण कुठल्या पाटलाला मिळतं?

"काय घातलं व्हतंस?"

"काय घालनार? बनियन आन् चड्डी, धावायची. का?"

"काही न्हाई," ती उठत म्हणाली.

"पाटलीनबाई," उषाबाई पहिल्यांदाच बोलल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यातली धार चंद्रकलाला लागली. "पोरगं खरं बोललं म्हनून फासावर देऊ नका. खोटं बोलून त्यानं एकदा भोगलंयच."

४

निळ्या चौकड्यांचा शर्ट चंद्रकलाच्या घरी ट्रंकेत होता. तो तिच्या नवऱ्याचा. नवरा माण गावातल्या कंपन्यांच्या गाडीवर ड्रायव्हर, आठवड्याला एकदा घरी. सदतीस नंबरचा फोटो काढायच्या दिवशी प्रदीप गिलाव्याच्या कामावरून सिमेंटनं माखून आला होता, म्हणून तिनंच हा शर्ट त्याला घालायला दिला आणि फोटो झाल्यावर परत घेतला. तोच फोटो गावाच्या वेशीवरच्या मोठ्या फ्लेक्सवर झळकत होता. तिघा साक्षीदारांनी प्रदीपला रविवारी नव्हे, फ्लेक्सवर पाहिलं होतं. अकरा हजारांसाठी त्यांनी बाण मारला आणि तो नेमका खऱ्याला जाऊन लागला होता.

तिघं खोटे ठरले, पण म्हणून पोरगा सुटत नव्हता. वही कुठं होती?

त्या रात्री तिला झोप लागली नाही. मंगळवारी भल्या सकाळी ती गोजराबाईंच्या बांधावर गेली. एकसष्ट तंट्यांच्या वहीत एक खरा तंटा मात्र नव्हता, तो गोजराबाईंचा. अण्णासाहेबांनी बांध कोरून त्यांच्या रानातले नांगराचे चार तास आपल्याकडं ओढले होते. अण्णांचं बक्षीस बुडावं असं वाटणारं गावात कुणी असेल तर ही म्हातारी.

"म्या कशाला चोरू?" गोजराबाई फणकारल्या. "ती वही तपासायला सायेब येनार व्हतं, म्या त्यास्नीच सांगनार व्हते माझं गाऱ्हानं. इचारनार व्हते, गावचं खरं भांडान वहीत का न्हाई म्हनून. वही गेली तर माझंच नुस्कान, चंद्रे."

"अण्णा बक्षीस खरंच देतील का वो, आजी?"

"दील की. शब्दाचा पक्का हाय मेला. गेल्या साली त्याची म्हस चुकली, म्या वढ्यातनं हाकून आनली. बांधाचं भांडान चालू, तरी हातावर हजार ठेवलं. भोंग्यावर बोलला व्हता ना, म्हस आनून दील त्याला म्हनून."

चंद्रकला चार पावलं गेली आणि वाटेतच थबकली. म्हातारीचं शेवटचं वाक्य तिच्या कानात राहिलं होतं, आणि ते का राहिलं हे कळायला तिला ओढ्यापर्यंत चालावं लागलं.

ती पंचायतीत पोचली तेव्हा ग्रामसेवक विश्राम भाऊसाहेब नुकतेच आले होते. सोलापूरकडचा भिडस्त माणूस, राहायला भुकूमला नव्या इमारतीत. रविवारी ते घरीच होते आणि सोमवारी जिल्ह्याला मीटिंगला. दुसरी किल्ली त्यांच्याकडं असायची.

"ही बघा, जुडग्यातच आहे," त्यांनी किल्ली काढून दिली. नवी, पिवळी, कडांना अजून कानस लागल्याची खूण.

"ही कुठली?"

"पौडला करून घेतली ना, तुमच्या किल्लीवरून. विसरलात? अण्णांनी कपाट दिलं तेव्हा एकच किल्ली दिली होती, ती तुमच्याकडं."

चंद्रकलानं आपली किल्ली शेजारी धरली. तिची जुनी, पांढरी, वर कंपनीचा आकडा कोरलेला, ४१८. तिच्या डोळ्यांपुढं लग्नातलं गुलाबी कपाट उभं राहिलं आणि मुठीला बांधलेल्या किल्ल्या वाजवणारी पोरं.

"भाऊसाहेब, तपासणीचं काही नवीन कळलं व्हतं का?"

"हो, शनिवारीच अण्णांना फोन केला होता मी. यंदा नुसती वही बघणार नाहीत. वहीतल्या कुठल्याही दहा जोड्या बोलावणार आणि एकेकाला वेगळं बसवून विचारणार, भांडण कशावरून झालं म्हणून." भाऊसाहेब केविलवाणं हसले. "अण्णा म्हणाले, मी बघतो."

बाहेर भोंगा खरखरला. अण्णासाहेब सगळ्या गावाला पारावर बोलावत होते. प्रदीपवर तक्रार द्यायची, तिच्यावर सह्या घ्यायच्या होत्या.

५

पारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका बाजूला प्रदीप आणि उषाबाई, त्यांच्याभोवती हातभर मोकळी जागा. अण्णासाहेब खुर्चीत, मागं त्यांचा गडी भैरू छत्री धरून उभा. अण्णा स्वतःच्या चपलासुद्धा स्वतः उचलत नसत, मग उन्हाची काय कथा.

"अण्णा, सह्या घ्यायच्या आधी मला बोलायचंय," चंद्रकला म्हणाली.

तिनं तिघा साक्षीदारांना पुढं बोलावलं. तिघांनी पुन्हा छातीठोकपणे निळा चौकड्याचा शर्ट सांगितला. मग तिनं पिशवीतून शर्ट काढून सगळ्यांपुढं झटकला.

"ह्यो का? ह्यो माझ्या मालकांचा हाय. गेल्या सहा महिन्यांत माझ्या ट्रंकंतनं बाहेर आलेला न्हाई. फ्लेक्सवर मातर रोज दिसतोय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बहिरूनं खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला सुरुवात केली.

"मंग वही कुनी नेली?" अण्णा गुरकावले. "त्याच्याबिगर कुनाला गरज व्हती?"

"ते पुढं बघू. आधी बक्षिसाचं मिटवा. नाव सांगणारे लई झाले, अण्णा. उद्या त्यांच्यातच मारामारी हुईल. त्यापरीस साधं करा. जो वही आणून देईल त्याला बक्षीस. कुठनं आणली, कुनी दिली, मी त्याच्यावर काही लावणार न्हाई. हितं वही ठेवायची आन् पैसं घ्यायचं."

हे म्हणताना ती अण्णांच्या तोंडाकडं बघत होती. ज्याचा जीव खरोखर वहीत अडकलाय त्यानं या बोलण्यावर आनंदानं उडी मारली असती. ज्यानं वही लपवलीय तो दचकला असता. अण्णांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. ते आरामात खुर्चीत मागं रेलले आणि ऐटीत हसले.

"अकरा कशाला? एकवीस हजार देतो! आना म्हनावं. हाय का कुनाची टाप?"

माणूस एवढा निवांत कधी असतो? वही आता कुणालाच सापडणार नाही अशी त्याची खात्री असते तेव्हा. चंद्रकलाची उरलीसुरली शंका फिटली, आणि त्याचबरोबर नवीच भीती उभी राहिली. वही जाळली असेल तर?

मग अण्णांच्या डोक्यावरची छत्री हळूच मिटली.

"एकवीस ना, मालक?" भैरूनं विचारलं. "समद्यांनी ऐकलंया."

त्यानं छत्री खुर्चीला टेकवून ठेवली आणि तो गोठ्याकडं चालायला लागला. अण्णा वळून बघत राहिले. भैरू परत आला तेव्हा त्याच्या काखेत खताची गोणी होती आणि गोणीला कडब्याची पाती चिकटली होती. त्यानं ती चंद्रकलापुढं ठेवली. आत लाल वही होती.

"कुठं सापडली, भैरूदादा?"

"सापडाया कशाला पायजे? मालकांनीच दिली व्हती रईवारी, धरनात टाकून ये म्हनले. हातावर पन्नास रुपयं ठेवलं." भैरूनं निरागसपणे सगळ्या गावाकडं बघितलं. "म्या कडब्यात ठिवली. ज्या वहीसाठी येवढी वरात, ती कुनीतरी मागंलच म्हनलं. आता पन्नासापरीस एकवीस हजार जास्त न्हाईत का?"

सगळ्या माना अण्णांकडं वळल्या.

"खोटं बोलतोय गडी!" अण्णा ओरडले. "किल्ली कुटं हाय माज्याकडं?"

"कपाटाबरोबर दोन किल्ल्या येतात, अण्णा. परवाच्या लग्नात पोरं वाजवत व्हती. तुमी कपाट गावाला दिलंत आन् किल्ली दिलीत एक. भाऊसाहेबांची पौडला केलेली. मंग दुसरी गेली कुठं?" तिनं स्वतःची किल्ली वर धरली. "हिच्यावर चारशे अठरा लिहिलंय. तुमच्या कमरंच्या जुडग्यातली आकडेवाली किल्ली दाखवा बरं."

अण्णांचा हात नकळत कमरेला गेला आणि तिथंच राहिला. तेवढ्यानं काम झालं.

"आन् किल्ली तर नंतर कळली मला. आधी बक्षिसानं सांगितलं," चंद्रकला पुढं म्हणाली. "तुमची म्हस चुकली तवा तुमी म्हणालात, म्हस आणून देईल त्याला हजार. कारन म्हस पायजे व्हती. वही गेली तवा म्हणालात, नाव सांगेल त्याला. तुमाला वही नकोच व्हती, अण्णा. तुमाला नाव पायजे व्हतं. गावानं सांजपातुर नऊ नावं दिली, तुमी भाव वाढवलात, आन् मनातलं नाव आल्यावर थांबलात."

अण्णासाहेब बोलले तेव्हा त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता.

"एकसष्टातली छप्पन खोटी. वेगळं बसवून इचारलं असतं तर कोन काय बोललं असतं? तालुक्यात छी-थू झाली असती गावाची. वही चोरीला गेली तर लोक कीव करतील म्हनलं. गावासाठीच केलं मी."

"आन् प्रदीप? त्यानं काय केलं व्हतं गावाचं?"

"वहीत त्यो चोर व्हताच की," अण्णा म्हणाले. "एकदा काय आन् दोनदा काय."

उषाबाईंनी पदर तोंडात धरला. प्रदीप हललासुद्धा नाही. चंद्रकलाला अण्णांचा भयंकर राग आला, आणि पुढच्याच क्षणाला आठवलं, की त्यातल्या पहिल्या खेपेचं अक्षर तिचं स्वतःचं होतं.

६

मंगळवारी दिवेलागणीला ती वही घेऊन उषाबाईंच्या दारात गेली. उषाबाईंनी आत ये म्हटलं नाही. फडताळातून स्टीलचा डबा काढला आणि उंबऱ्यावर तिच्यापुढं ठेवला. आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. उषाबाईंनी झाकण काढून दाखवलं. डबा रिकामा होता.

"ह्यो घ्या तुमचा डबा. एकच सांगा. समद्या गावात चोर व्हायला माझाच पोरगा कसा घावला?"

चंद्रकलाला तो दिवस लख्ख आठवत होता. अण्णा म्हणाले होते, मोटारचोरीचा तंटा झकास दिसंल, चोर कोण होतंय? सगळे हसले आणि सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं. प्रदीप तेव्हा भिंतीला गिलावा करत होता. त्याला हाक मारायच्या आधीच तिनं वहीत त्याचं नाव लिहिलं होतं.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "कुनी त्याला इचारायच्या आधी लिहिलं. चुकलं म्हनून भागणार न्हाई, ठावं हाय मला."

तिथंच उंबऱ्याबाहेर बसून तिनं सदतीस नंबरचं पान उघडलं आणि खाली लिहिलं. 'ही चोरी कधीच झाली नाही. हा कबुलीजबाब मी, पोलीस पाटील चंद्रकला कंधारे, खोटा लिहून घेतला.' सही केली, तारीख घातली. मग बाकीच्या पंचावन्न पानांवरही असंच लिहिलं. उषाबाईंनी मधेच कंदील आणून शेजारी ठेवला.

बुधवारी साहेब आले. तिनं वही स्वतः त्यांच्या हातात दिली. साहेबांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि विचारलं, "याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुम्हाला?"

"व्हय," ती म्हणाली.

गावाचं बक्षीस गेलं. तिची पाटीलकी गेली. अण्णांनी अध्यक्षपद सोडलं, पण भैरूला एकवीस हजार मात्र मोजून दिले, शब्दाचे पक्के. भैरूनं त्याच आठवड्यात चाकरी सोडली आणि शेळ्या घेतल्या. गोजराबाईंच्या बांधाची मोजणी लागली. चंद्रकलाशी पाणवठ्यावर कुणी बोलेना. लाखांचं बक्षीस घालवणारी बाई म्हणून पोरंसुद्धा बोट दाखवायची. तो रिकामा डबा तिनं फडताळात पुढंच ठेवला होता, येताजाता दिसावा म्हणून.

श्रावण सरता सरता एका दुपारी दारात उषाबाई उभ्या. हातात कागदाचा पुडा.

"प्रदीपचा हुकूम आला. सोमवारी ट्रेनिंगला चाललाय." त्या आपण होऊन आत आल्या आणि फडताळापुढं उभ्या राहिल्या. "सायबानं वहीतलं तुमचं लिवलेलं वाचलं म्हनं पडताळणीला. दोनदा वाचलं."

चंद्रकलाचे डोळे भरून आले होते, ते तिनं लपवले नाहीत.

उषाबाईंनी डबा स्वतःच काढला, पदरानं पुसला आणि पुड्यातले पेढे त्यात ओतले. दोन पेढे काढून चंद्रकलाच्या हातावर ठेवले, झाकण घट्ट लावलं आणि डबा काखेत मारला.

"ह्यो मी घिऊन चालले," त्या म्हणाल्या. "ह्या खेपंला भांडान खरं व्हतं, आन् मिटलंबी खरं."